बंदुकीचा परवाना : कुणाच्या हाती, कुणाच्या मर्जीने

भारतात बंदूक बाळगायची तर आधी सरकारी परवाना लागतो, आणि तो मिळवण्यासाठी अर्जदाराला पोलिसांच्या चौकशीतून जावे लागते. ही व्यवस्था दीडशे वर्षांहून अधिक जुनी आहे. तिच्या इतिहासात हत्यारे बदलली, विक्रीचे नियम बदलले, शिक्षा वाढल्या. पण सर्वांत खोल बदल झाला तो एका प्रश्नाच्या उत्तरात. बंदूक हाती देण्याइतका विश्वास कुणावर टाकायचा? या प्रश्नाला वेगवेगळ्या राजवटींनी जी उत्तरे दिली, त्यांतूनच हा कायदा घडत गेला.

कंपनी सरकारच्या पूर्वी हत्यार ही रयतेच्या घरात सहज सापडणारी वस्तू होती. तलवार, भाला, तोड्याची बंदूक ही केवळ शिपायाची मिरासदारी नव्हती. लुटारूंपासून गाव राखण्यासाठी, जनावरांपासून पीक वाचवण्यासाठी आणि हंगाम संपल्यावर कुणा सरदाराच्या फौजेत नोकरी मिळवण्यासाठीही हत्यार उपयोगी पडे. बंदुका घडवणारे कारागीर ठिकठिकाणी होते. बिहारमधील मुंगेर येथे बंगालचा नवाब मीर कासीम याने 1760च्या दशकात आपली राजधानी नेली आणि शस्त्रनिर्मितीला बळ दिले. तेथील बंदुकीचा धंदा आजही टिकून आहे.

1857च्या उठावाने हे चित्र पालटले. त्याच वर्षी सरकारने शस्त्रांची आयात, निर्मिती, विक्री आणि बाळगणे यांवर नियंत्रण आणणारा कायदा केला. 1860 साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि ठरावीक प्रदेशातील लोकांची हत्यारे काढून घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. अवधमध्ये तालुकदारांचे किल्ले पाडण्यात आले आणि गावोगावची शस्त्रे जमा करून घेण्यात आली. ही उपाययोजना मात्र सगळ्या देशात सारखी लागू नव्हती.

ती सारखी केली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने. 1878 सालचा अकरावा कायदा, म्हणजेच ‘इंडियन आर्म्स अॅक्ट’, हा देशी भाषांतील वृत्तपत्रांवर बंधने घालणाऱ्या कायद्याच्याच वर्षातला. एकाच वर्षात प्रजेच्या लेखणीवर आणि हत्यारावर बंधन आले, हा योगायोग मानणे कठीण आहे. या कायद्याने शस्त्रांची निर्मिती आणि विक्री परवान्याखाली आणली. परवान्याविना हत्यार घेऊन फिरणे गुन्हा ठरले. शस्त्रांच्या व्याख्येत बंदुका आणि तोफांबरोबर तलवारी, खंजीर, भाले, इतकेच नव्हे तर धनुष्यबाणही आले. नियम मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होती. लपवाछपवी करून मोडल्यास सात वर्षांपर्यंत.

कायद्याचा खरा स्वभाव त्याच्या सवलतींत दिसतो. विशिष्ट व्यक्तींना किंवा वर्गांना कायद्यातून वगळण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला आणि नियमावलीत युरोपीय, युरेशियन, अमेरिकन व आर्मेनियन लोकांना परवान्याच्या अटीतून मोकळे केले. देशी लोकांपैकी राजेरजवाडे, किताबधारक आणि सरकारच्या मर्जीतले काही वर्ग यांना सूट होती. मुंबईत नुकताच उतरलेला गोरा व्यापारी बंदूक बाळगू शकत होता आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच भूमीत राहणाऱ्या शेतकऱ्याला साहेबाकडे अर्ज करावा लागत होता. येथे चौकशी माणसाच्या वर्तनाची नव्हतीच. त्याची जात, वंश आणि राजनिष्ठा एवढेच पाहिले जात होते. कोडगूतील कोडवा समाजाला 1860च्या दशकाच्या आरंभी, म्हणजे या कायद्याच्याही आधी, मिळालेली अशीच एक सवलत आजवर चालू आहे. 2019 साली केंद्र सरकारने तिची मुदत ऑक्टोबर 2029पर्यंत वाढवली. शस्त्रपूजेचा ‘कैलपोळ्द’ हा या समाजाचा सण असल्याने बंदुकीला तेथे घरातील पूज्य वस्तूचे स्थान आहे.

या भेदभावाविरुद्धचा रोष लवकरच राजकीय झाला. राष्ट्रीय सभेने 1887 साली मद्रासमध्ये, मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अधिवेशनात, शस्त्रकायदा शिथिल करण्याची मागणी केली. पुढील अधिवेशनांतही ती येत राहिली. राजनिष्ठ प्रजेवर हा कायदा विनाकारण डाग लावतो, असे तिचे स्वरूप होते. शस्त्र बाळगण्याची मुभा हा नियम असावा, मनाई हा अपवाद असावा आणि मनाईचे कारण सरकारने लेखी नोंदवावे, हा तिचा गाभा. ही मागणी त्या काळी फेटाळली गेली, तरी तिच्यातील लेखी कारणाचा मुद्दा पुढे सत्तर वर्षांनी कायद्यात उतरला.

महाराष्ट्रात हा प्रश्न अधिक तीव्रतेने मांडला गेला. शस्त्रबंदीने राष्ट्राचे पौरुष हिरावून घेतले, हा लोकमान्य टिळकांच्या लेखनातील ठाम आरोप होता. 1908 साली ‘केसरी’तील ज्या लेखांवरून त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यांतही हा विषय आहे. कायद्याने बंदी घातली म्हणून हत्यारे येणे थांबले नाही, हे पुढच्याच वर्षी दिसून आले. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या सामानात लपवून वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईला पाठवली. त्यांपैकी एक पिस्तूल 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांच्या हाती होते आणि त्याने जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा वध झाला. परवान्याची भिंत सामान्य शेतकऱ्याला अडवत होती. ठरवून हत्यार मिळवणाऱ्याला तिने अडवले नाही. शस्त्रकायद्याच्या पुढच्या साऱ्या इतिहासात ही उणीव कायम आढळते.

पहिल्या महायुद्धात लाखो भारतीय सैनिक लढले आणि वंशावर आधारलेल्या सवलतींचे समर्थन करणे सरकारला जड जाऊ लागले. 1918 साली गुजरातेत सैन्यभरतीचा प्रचार करताना महात्मा गांधींनी शस्त्रकायद्याला ब्रिटिश राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत गणले होते. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने हे म्हणावे याचे आश्चर्य वाटू शकते. पण भीतीपोटी आलेले निःशस्त्रपण आणि स्वेच्छेने स्वीकारलेली अहिंसा यांत ते स्पष्ट फरक करीत. 1920च्या नियमांनी वंशाचा निकष काढून टाकला. किताबधारक आणि प्रतिष्ठित यांच्या सवलती मात्र राहिल्या, म्हणजे गोरेपणाची जागा दरबारी मानाने घेतली. 1930 साली गांधींनी सरकारपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने लोकनियंत्रणाखाली द्यावेत, ही एक होती. 1928चा नेहरू अहवाल आणि 1931चा कराची ठराव या दोन्हींत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क म्हणून नोंदवला गेला.

तरीही हा हक्क संविधानात आला नाही. डिसेंबर 1948मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. परक्या सरकारविरुद्ध केलेली मागणी आणि स्वतंत्र राज्याने सर्वांना दिलेला हक्क या निराळ्या गोष्टी आहेत. असा हक्क सरसकट दिला तर गुन्हेगारालाही तो नाकारता येणार नाही, हा त्यांच्या उत्तराचा आशय होता. दुरुस्ती नामंजूर झाली. संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात उलट शांततेने आणि ‘विनाशस्त्र’ एकत्र जमण्याचा हक्क आहे. फाळणीच्या कत्तली नुकत्याच पाहिलेल्या देशात हा निर्णय योग्यच होता.

1878चा कायदा स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षे रेंगाळला. 1959 साली संसदेने नवा शस्त्र अधिनियम मंजूर केला आणि 1 ऑक्टोबर 1962पासून तो लागू झाला. त्याने तलवारी, भाले अशा धारदार हत्यारांसाठी परवान्याची अट केवळ अधिसूचित क्षेत्रांपुरती ठेवली. बंदुकांसाठी ती सर्वत्र राहिली. परवान्याची मुदत तीन वर्षांची होती. परवाना देणारा अधिकारी जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी, तर मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्त. नकाराची कारणे लेखी नोंदवणे आणि त्याविरुद्ध अपील या तरतुदी आल्या. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे कायद्यात शब्दशः लिहिले गेले. दरबारी प्रतिष्ठेच्या जुन्या कसोटीला दिलेले हे उत्तर होते आणि ते आजही पुरेसे ओळखले जात नाही.

शेतकऱ्यासाठीही कायद्याने वेगळी वाट ठेवली. किमान वीस इंची नळीची साधी बंदूक स्वसंरक्षणासाठी, तसेच ठासणीची बंदूक पीक राखण्यासाठी मागितली, तर परवाना द्यावा, अशी तरतूद झाली. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत शेती संरक्षण परवाना याच वाटेने मिळतो. रानडुकरे, माकडे आणि गवे यांच्यापुढे भात आणि बागायत राखणाऱ्या घरांत ठासणीची बंदूक अजून आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करण्याची सूचना येते आणि पीक उघड्यावर पडते, ही तेथील शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. कुणाचे शस्त्र जमा करून घ्यायचे हे ठरवण्यासाठी जिल्ह्यात छाननी समिती असते. तिने प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करणे अपेक्षित आहे आणि तेच न्याय्य आहे.

चौकशीची बाजू मात्र आरंभी ढिली होती. गरज वाटल्यास अधिकाऱ्याने चौकशी करावी, एवढेच 1959च्या कायद्यात म्हटले होते. पंजाबातील हिंसाचार वाढत असताना 1983च्या दुरुस्तीने जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवणे बंधनकारक केले. वयाची किमान अट सोळावरून एकवीस वर्षे झाली आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त तीन बंदुका ही मर्यादा आली. आज ज्याला चारित्र्य पडताळणी म्हणतात, तिचा कायदेशीर पाया हा आहे. अहवाल वेळेत न आल्यास त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याची मुभा मात्र अधिकाऱ्याला राहिली.

विक्रीची साखळीही परवान्याच्याच कागदावर उभी आहे. शस्त्र विक्रेत्याचे दुकान परवान्यावर चालते. ग्राहकाचा परवाना पाहूनच बंदूक दिली जाते आणि तिची नोंद परवान्यावर व वहीत होते. वर्षाला किती काडतुसे घेता येतील, तेही परवान्यावर लिहिलेले असते. परवानाधारकाला आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकायची असेल, तर लेखी सूचना देऊन किमान पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. लष्करी वापराची काडतुसे नागरिकांना वर्ज्य असल्याने सरकारी कारखान्यांनी त्यांच्यासाठी .315ची रायफल आणि .32चे रिव्हॉल्व्हर बनवले. 1980च्या दशकात खासगी आयात जवळपास थांबली, तेव्हा जुन्या विदेशी बंदुकांच्या किमती वाढल्या आणि परवान्याला प्रतिष्ठेची नवी किंमत आली.

2016च्या नियमांनी वैद्यकीय प्रमाणपत्र, हत्यार हाताळण्याचे प्रशिक्षण आणि सुरक्षित साठवणीची अट घातली. प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय माहितीसंचात स्वतंत्र क्रमांक मिळाला. त्या वर्षअखेर देशात सुमारे 33 लाख 69 हजार परवाने होते. त्यांतले 12 लाख 77 हजार एकट्या उत्तर प्रदेशात आणि 3 लाख 69 हजार जम्मू-काश्मीरमध्ये. जम्मू-काश्मीरच्या आकड्यामागचे सत्य नंतर उघड झाले. 2012 ते 2016 या काळात तेथून 2 लाख 78 हजारांहून अधिक परवाने अपात्र लोकांना दिले गेल्याचा आरोप ठेवून केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास केला. चौकशीची पद्धत कागदावर कितीही कडक असली, तरी सही करणारा हात विकला गेला तर ती निरर्थक ठरते.

डिसेंबर 2019मध्ये कायदा पुन्हा बदलला. विधेयकात मुळात एका व्यक्तीला एकच बंदूक असा प्रस्ताव होता. वारसाहक्काने आलेल्या बंदुका आणि नेमबाजीचा खेळ यांचा मुद्दा पुढे आल्यावर ती मर्यादा दोनवर ठरली. तिसरी बंदूक असणाऱ्याला ती एका वर्षात पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायची होती. परवान्याची मुदत पाच वर्षे झाली. लग्नात किंवा मिरवणुकीत हर्षोल्हासाने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. प्रतिबंधित शस्त्रांच्या बेकायदा निर्मिती-विक्रीची कमाल शिक्षा जन्मठेप राहिली आणि शस्त्रांच्या अवैध वाहतुकीसाठीही तीच शिक्षा नव्याने आली.

शेवटची तरतूद ज्या हत्यारांसाठी आहे, त्यांचा परवान्याशी कधी संबंधच आलेला नाही. मुंगेर परिसरात अशी हत्यारे घडतात. मध्य प्रदेशाच्या बडवानी जिल्ह्यातील उमर्टीसारख्या ठिकाणी घडणारे गावठी कट्टे आणि पिस्तुले सातपुड्याच्या वाटांनी चोपडा, जळगावमार्गे पुण्या-मुंबईपर्यंत पोहोचतात. महाराष्ट्र पोलिसांच्या कारवायांत ती वारंवार सापडतात. त्यांच्यावर कारखान्याचा क्रमांक नसतो, विक्रीची वही नसते, खरेदीदाराची पडताळणी नसते. परवाना, नोंदवही आणि चारित्र्य अहवाल ही सारी साधने कायदा पाळणाऱ्याच्या घरातील बंदुकीवर लक्ष ठेवतात; या हत्यारांसाठी कायद्याकडे आहे तो केवळ पोलिसांचा छापा, हत्यार कुठून आले याचा माग आणि फौजदारी खटला.