अर्जापूर्वीची निवड : पुणे परिसरातील खाजगी महाविद्यालये आणि मुळशी खोरे

१

महाविद्यालयीन प्रवेशाचा इतिहास सामान्यतः नियमांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणती परीक्षा, किती गुण, किती जागा, कोणत्या वर्षी कोणता कायदा, एवढ्या सामग्रीवर त्याचा आराखडा उभा राहतो. ही सामग्री आवश्यक आहे. परंतु तीत एक उणीव राहते. ज्याने अर्ज केला आणि ज्यास नकार मिळाला, त्याची नोंद दप्तरी असते. ज्याने अर्जच केला नाही, त्याची कोठेच नसते. निवडक म्हणून ख्याती पावलेल्या खाजगी संस्थांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कारण अर्ज किती आले आणि त्यांतील किती स्वीकारले गेले, या प्रमाणावरच त्यांची ख्याती बव्हंशी आधारलेली असते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, पुणे परिसरात निवडीचा निर्णायक टप्पा बहुधा अर्जांच्या छाननीत नव्हे, तर तत्पूर्वीच पार पडत आला. आणि ज्या संस्थांनी उच्च शिक्षणाचा पाया खरोखर रुंदावला, त्यांनी आपले बळ या आधीच्या टप्प्यावर खर्च केले.

या प्रतिपादनाच्या पडताळणीस मुळशी तालुक्यातील उरवडे हे गाव सोयीचे आहे. पुण्याहून पौडकडे जाताना पिरंगुटपाशी एक रस्ता फुटतो व उरवडे, मुठे या गावांवरून टेमघरमार्गे लवासास जातो. पिरंगुटच्या एका अंगास लवळे हे गाव असून तेथे सिम्बायोसिस आंतरराष्ट्रीय अभिमत विद्यापीठ व फ्लेम विद्यापीठ ही दोन निवासी विद्यासंकुले आहेत. पौडजवळ खुबवली येथील टेकडीवर १९९७ साली युनायटेड वर्ल्ड कॉलेजांच्या जागतिक परिवारातील महिंद्र महाविद्यालय सुरू झाले. लवासातील दासवे येथे बंगळूरच्या क्राइस्ट विद्यापीठाची शाखा आहे. महाराष्ट्रातील अत्यंत निवडक मानल्या जाणाऱ्या खाजगी संस्थांपैकी चार अशा रीतीने उरवड्याच्या आसपास, एकाच तालुक्यात वसल्या आहेत. या सान्निध्याचा प्रवेशाशी काय संबंध, हा प्रश्न समजण्यासाठी प्रथम मागे जाणे इष्ट ठरेल.

२

१८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शिक्षणसंस्थांस सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले आणि १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजेच मॅट्रिक्युलेशन, १८५९ मध्ये झाली. तीत उत्तीर्ण झालेल्यांची संख्या विसाच्या आसपास होती. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकी होत. येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही की, निवड महाविद्यालय करीत नसे. ती विद्यापीठ करी. मॅट्रिक झालेल्या आणि शुल्क भरू शकणाऱ्या विद्यार्थ्यास महाविद्यालयाचे दार सामान्यतः उघडे असे. स्वतंत्र छाननीची गरजच नव्हती, कारण गाळणी आधीच लागलेली होती. इंग्रजी शिकविणारे विद्यालय ज्या गावी नाही, तेथील मुलाच्या बाबतीत तर मॅट्रिकचाही प्रश्न उद्भवत नसे.

हे वास्तव त्या काळी कोणाच्याच ध्यानात आले नाही असे नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी, शेतसाऱ्यातून येणारा पैसा मुख्यतः वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि तो भरणारी रयत प्राथमिक शिक्षणासही मुकते, असा आक्षेप घेतला होता. प्रवेशाच्या इतिहासात या निवेदनाचे स्थान महत्त्वाचे आहे. महाविद्यालयात कोण पोहोचतो हा प्रश्न फुल्यांनी महाविद्यालयाच्या दारात न विचारता खेड्यातील शाळेच्या दारात विचारला.

याच दशकात पुण्यात खाजगी महाविद्यालयाची कल्पना मूर्त झाली. १८८० च्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी निर्माण झाली व १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. त्या काळच्या ‘खाजगी’ या शब्दाचा अर्थ आजच्या अर्थाहून भिन्न होता. सोसायटीचे आजीव सदस्य दरमहा ७५ रुपये वेतनावर वीस वर्षे सेवा करण्यास बांधलेले असत. खर्चाचा भार अध्यापकांच्या त्यागावर, लोकांच्या देणग्यांवर आणि अनुदानावर होता. विद्यार्थ्याने दिलेले शुल्क हे अनेक आधारांपैकी एक. तरीही शिक्षण स्वस्त करणे आणि ते सर्वांपर्यंत पोहोचविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे पुढील अर्धशतकाच्या अनुभवाने स्पष्ट केले.

३

दुसऱ्या गोष्टीस हात घातला तो अन्य संस्थांनी. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारण्यास चालना दिली. कोल्हापुरातील अशाच एका वसतिगृहात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले आणि १९४७ मध्ये तेथेच छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. ‘कमवा आणि शिका’ या योजनेने शुल्काचा अडसर विद्यार्थ्याच्या श्रमातून दूर करण्याचा मार्ग दाखविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली. तिच्या मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालयाने १९४६ पासून नोकरी करणाऱ्यांस सोयीचे असे सकाळचे वर्ग चालविले. पुणे जिल्ह्यात १९४१ साली स्थापन झालेल्या पुणे जिल्हा शिक्षण मंडळाने ग्रामीण भागात विद्यालये व पुढे महाविद्यालये काढली. पिरंगुटचे अनंतराव पवार महाविद्यालय हे त्यांपैकीच एक होय.

वसतिगृह, कमाई, सोयीची वेळ, जवळचे विद्यालय : यांपैकी एकही बाब प्रवेशाच्या नियमांत मोडत नाही. तरी त्यांनी प्रवेश घेणाऱ्यांचे सामाजिक स्वरूप जेवढे पालटले, तेवढे कोणत्याही गुणवत्तायादीने पालटले नाही. ज्यांची नावे अर्जदारांत येण्याचा संभव नव्हता, त्यांस अर्जदार बनविणे हेच या संस्थांचे खरे कार्य होते.

४

तिसऱ्या पर्वाचा आरंभ १९८३ मध्ये मानता येतो. वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने त्या वर्षी विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. सरकारी जागा अपुऱ्या होत्या आणि महाराष्ट्रातील मुले त्यासाठी कर्नाटकात जात होती. या धोरणाने जागा वाढल्या, ग्रामीण भागातही तांत्रिक शिक्षण आले. पण शुल्काखेरीज घेतली जाणारी देणगी हीदेखील प्रवेशाची एक वाट झाली. तिला आळा घालण्यासाठी राज्याने १९८७ चा कायदा केला.

पुढचा संघर्ष न्यायालयात झाला. १९९२ मध्ये मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देणगीशुल्क बेकायदा ठरविले. या खटल्यातील कर्नाटकी वैद्यकीय महाविद्यालयात सरकारी जागेचे वार्षिक शुल्क २,००० रुपये, तर परराज्यातील विद्यार्थ्यास ६०,००० रुपयांपर्यंत होते. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने निम्म्या जागा विनामूल्य व निम्म्या सशुल्क अशी योजना घालून दिली, ती टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ३१ ऑक्टोबर २००२ रोजी रद्द केली. १२ ऑगस्ट २००५ च्या निकालाशी तर पुण्याचेच नाव निगडित आहे : पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य. विनाअनुदानित संस्थांवर शासनास आपला जागांचा वाटा वा आरक्षण लादता येणार नाही. मात्र प्रवेश न्याय्य, पारदर्शक व शोषणमुक्त असला पाहिजे आणि त्यासाठी सामाईक परीक्षा घेता येईल, असे सात न्यायाधीशांनी सांगितले. त्यावर त्र्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने संविधानात कलम १५(५) घालण्यात आले आणि अल्पसंख्याक संस्था वगळून अन्य खाजगी संस्थांतही आरक्षणाची तरतूद करणे शक्य झाले. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे प्रवेश आणि शुल्क यांच्या नियमनासाठी प्राधिकरणे अस्तित्वात आली.

या सर्व वादाचा विषय एकच होता : आलेल्या अर्जांमधून निवड कोणी व कशी करावी. अर्ज कोणाचे येतात, हा फुल्यांचा प्रश्न या वादाच्या कडेलाच राहिला.

५

मुळशीतील संस्था या पार्श्वभूमीवर पाहावयास हव्यात. सिम्बायोसिसची स्थापना १९७१ मध्ये शां. ब. मुजुमदार यांनी केली. ते फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. अर्थात जुन्या खाजगी परंपरेचा नव्या परंपरेशी संबंध एका व्यक्तीच्या चरित्रातच दिसतो. संस्थेस २००२ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. फ्लेमला २०१५ मध्ये राज्याच्या कायद्याने विद्यापीठाचे रूप प्राप्त झाले. या संस्था निवडीसाठी आपापल्या चाचण्या घेतात व त्यांस निबंध, मुलाखत वा लेखन यांची जोड देतात. केवळ गुणांकावर माणूस ओळखता येत नाही, ही त्यामागील भूमिका अग्राह्य म्हणता येणार नाही. परंतु प्रत्येक जादा कसोटीबरोबर तयारीचा एक जादा खर्च येतो. सिम्बायोसिसच्या व्यवस्थापन अभ्यासक्रमांसाठीच्या स्नॅप परीक्षेस अलीकडच्या वर्षांत एकाच उमेदवारास तीनदा बसण्याची मुभा होती व त्यांतील सर्वोत्तम गुण धरले जात. मात्र प्रत्येक वेळेचे शुल्क स्वतंत्र, आणि पसंत केलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाचे आणखी वेगळे. म्हणजे संधी जितक्या अधिक, तितका अर्ज महाग.

खुबवलीच्या महाविद्यालयाची पद्धती वेगळी आहे. तेथे अकरावी-बारावीच्या वयाची मुले दोन वर्षांसाठी येतात. त्यांची निवड देशोदेशींच्या राष्ट्रीय समित्या करतात आणि आर्थिक गरज पाहून शिष्यवृत्ती दिली जाते. शुल्काचा अडसर येथे पुष्कळसा दूर होतो. तथापि सोळाव्या वर्षी इंग्रजीतून स्वतःविषयी लिहिण्या-बोलण्याची सवय ही अट उरतेच. आणि तशी सवय घरात व शाळेत घडावी लागते.

आता उरवड्यातील एखाद्या शेतकरी वा कामगार कुटुंबातील बारावी झालेल्या मुलीच्या दृष्टीने ही व्यवस्था पाहावी. महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या जुलैत घेतलेल्या निर्णयानुसार, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्णतः माफ झाले. ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेने प्रवेश घेणाऱ्यांस असून खाजगी अभिमत व स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे तीतून वगळलेली आहेत. परिणाम असा की, घाट चढून पुण्यातील संलग्न विनाअनुदानित महाविद्यालयात गेल्यास तिला शुल्कमाफी मिळू शकते. काही किलोमीटरांवरील लवळ्यास गेल्यास मिळत नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी अभिमत विद्यापीठात जागा राखीव असल्या, तरी जागा राखणे आणि ती परवडणे या दोन वेगळ्या बाबी होत.

या परिसरातील अर्थार्जनाचे स्वरूप ध्यानी घेतल्यास हा मुद्दा अधिक गंभीर होतो. पिरंगुट-उरवडे पट्ट्यात शेतीबरोबर कारखान्यांतील मजुरी हा उपजीविकेचा मोठा आधार आहे. ७ जून २०२१ रोजी उरवडे येथील एका रासायनिक कारखान्यास लागलेल्या आगीत पंधराहून अधिक कामगार मृत्यू पावले व त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ज्या घरांतील आया अशा कामावर जातात, त्या घरांत परीक्षेचे शुल्क तीनदा भरण्याचा विचारही कसा होणार? मुळशीच्या जमिनीने परक्यांच्या सोयीसाठी जागा देण्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हे. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह झाला तो मुंबईस वीज पुरविणाऱ्या धरणाविरुद्धच होता. विद्यालयाची तुलना धरणाशी करणे अन्यायाचे होईल. पण भूमी स्थानिकांची आणि लाभ दूरच्यांचा, हे साम्य संशोधकाने नजरेआड करू नये.

६

वरील विवेचनातून अभ्यासपद्धतीविषयी एक निष्कर्ष निघतो. एखाद्या संस्थेची निवडकता मोजताना अर्ज व जागा यांचे गुणोत्तर पुरेसे नाही. ज्या लोकसमूहातून अर्ज येऊ शकले असते, तो समूह छेदस्थानी घेतला पाहिजे. त्यासाठी संस्थांच्या प्रवेशपुस्तकांइतकेच महत्त्व पंचक्रोशीतील विद्यालयांच्या दाखल-खारीज नोंदींस द्यावे लागेल : दहावीनंतर कोण कोठे गेले, कोण थांबले, कोण कामास लागले. मुळशीत ही दोन्ही दप्तरे एका दिवसाच्या फेरीत पाहता येतील इतकी जवळ आहेत.

धोरणाच्या दृष्टीनेही इतिहासाचा दाखला स्पष्ट आहे. शाहू महाराज, भाऊराव पाटील आणि बाबासाहेब आंबेडकर यांनी निवडीचे निकष सैल करण्याची मागणी करण्यापेक्षा, निकषांपर्यंत पोहोचण्याची वाट बांधली. लवळे, खुबवली आणि दासवे येथील संस्थांस तशी वाट बांधणे अशक्य नाही : परिसरातील विद्यार्थ्यांस अर्जशुल्काची माफी, मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी पूर्वतयारीचे वर्ग, आणि राज्याच्या शुल्कसवलतीत बसणाऱ्या मुलींसाठी तेवढ्याच रकमेची शिष्यवृत्ती. असे झाल्यास अर्जदारांची संख्या वाढेल व त्या संस्था कदाचित अधिकच निवडक ठरतील. मात्र मग नाकारलेल्यांच्या यादीत तरी उरवड्याचे नाव सापडू लागेल.