चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांमधील चिनी अभिनेत्यांचे संक्रमण : एक ऐतिहासिक अवलोकन (१९५८ ते २०२३)

प्रस्तावना

अभिनेत्याची प्रतिष्ठा मोजताना चित्रपटाला वरची आणि दूरचित्रवाणीला खालची पायरी देण्याची प्रथा जगभर आढळते. या समजुतीनुसार मालिकेतून चित्रपटात जाणे ही बढती आणि चित्रपटातून मालिकेत येणे ही उतरण ठरते. चीनमधील अभिनेत्यांच्या वाटचालीचा अभ्यास मात्र या सरळ रेषेला दुजोरा देत नाही. तेथे १९९० च्या दशकारंभी देशातील सर्वोच्च चित्रपट पुरस्कार मिळवणारा नट त्याच सुमारास घरगुती मालिकेत दिसत होता, आणि २०२३ मध्येही एकच नट एकाच पंधरवड्यात मालिकेत व चित्रपटगृहात दिसला. या दोन घटनांच्या मधल्या काळात संक्रमणाची दिशा अनेकदा बदलली. ती कलेच्या श्रेष्ठ-कनिष्ठत्वावरून ठरली नाही. अभिनेत्याची उपजीविका कोणत्या संस्थेच्या हाती आहे, यावरून ती मुख्यतः ठरत गेली. प्रस्तुत लेखात या संक्रमणाचे टप्पे तपासले आहेत.

स्टुडिओचा नोकर असलेला नट

१९४९ नंतर चीनमधील चित्रपटनिर्मिती सरकारी स्टुडिओंकडे आली. शांघाय, बीजिंग, चांगचुन आणि लष्कराचा बायी हे त्यांतील प्रमुख स्टुडिओ होत. अभिनेता हा स्टुडिओचा पगारी कर्मचारी असे. त्याचे वेतन, घर, औषधपाणी आणि निवृत्तिवेतन या सर्वांची जबाबदारी त्याच्या कार्य-एककाकडे असे. चिनी भाषेत या व्यवस्थेला 'दानवेइ' म्हणतात. १९६२ मध्ये बावीस चित्रपट कलावंतांची छायाचित्रे देशभरातील चित्रपटगृहांत लावण्यात आली. हे 'बावीस तारे' लोकप्रिय असले तरी कोणते काम करायचे हे त्यांनी स्वतः ठरवायचे नव्हते. ते स्टुडिओ ठरवत असे.

दूरचित्रवाणीचा आरंभ याच काळात झाला. बीजिंग दूरचित्रवाणी केंद्राने (१९७८ पासून चायना सेंट्रल टेलिव्हिजन) मे १९५८ मध्ये प्रायोगिक प्रक्षेपण सुरू केले आणि १५ जून १९५८ रोजी देशातील पहिले दूरचित्रवाणी नाटक थेट प्रक्षेपित केले. भाजीच्या पोळीच्या एका घासाची ती कथा होती. अशा नाटकांत काम करणारे कलावंत प्रामुख्याने नभोवाणीच्या आणि रंगभूमीच्या पथकांतून येत. घरोघरी संच नव्हते, चित्रमुद्रणाची सोय नव्हती. चित्रपटातील नटाला या माध्यमाकडे जाण्याचे कोणतेही कारण नव्हते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६ ते १९७६) दोन्ही माध्यमांची सर्वसाधारण निर्मिती कोलमडली आणि संक्रमणाचा प्रश्नच उरला नाही.

उसनवारीचा काळ

१९७९ मध्ये चीनमध्ये चित्रपटांना सुमारे २,९०० कोटी प्रेक्षकसंख्येची नोंद झाली. हा आकडा पुढे कधीही गाठला गेला नाही. त्यानंतरच्या दशकात संच स्वस्त होत गेले आणि प्रेक्षक घरी बसून पाहू लागला. १९८६ मध्ये चित्रपट विभाग संस्कृती मंत्रालयाकडून काढून नभोवाणी व दूरचित्रवाणीच्या मंत्रालयाला जोडण्यात आला. दोन्ही माध्यमे एका छत्राखाली आली, परंतु अभिनेत्यांच्या नेमणुका मात्र आपापल्या संस्थांकडेच राहिल्या. मालिकेला चित्रपटातील नट हवा असल्यास त्याच्या स्टुडिओची परवानगी घेऊन त्याला काही काळापुरते 'उसने' आणावे लागे.

या अडचणीमुळेच आरंभीच्या भव्य मालिकांनी नवे चेहरे शोधले. २५ भागांच्या 'पश्चिमेचा प्रवास' या मालिकेतील वानरराजाची भूमिका पारंपरिक संगीत नाट्याच्या घराण्यात वाढलेल्या झांग जिनलाय (रंगनाव लिऊ शियाओ लिंग तोंग) यांनी केली. 'लाल महालाचे स्वप्न' या १९८७ च्या ३६ भागांच्या मालिकेसाठी देशभरातून तरुण-तरुणी निवडून त्यांना खास प्रशिक्षण देण्यात आले. दोनच वर्षांनी बीजिंग चित्रपट स्टुडिओने याच कादंबरीवर अनेक खंडांचा चित्रपट काढला. त्यात वांग शीफेंगच्या भूमिकेत लिऊ शियाओछिंग यांच्यासारखी आघाडीची तारका होती. तरीही सर्वसामान्य प्रेक्षकाच्या स्मरणात रुजले ते मालिकेतील नवखे चेहरे. तारकापद चित्रपटाकडे असले तरी पात्र आणि चेहरा यांचे नाते जुळवण्याची शक्ती दूरचित्रवाणीकडे सरकली होती, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

भिंत कोसळते : १९९० चे दशक

१९९० मध्ये बीजिंग दूरचित्रवाणी कला केंद्राने 'केवांग' (आस) ही ५० भागांची मालिका सादर केली. उभारलेल्या घरांच्या नेपथ्यात, एकाच वेळी अनेक कॅमेरे वापरून ती चित्रित झाली होती. निर्मितीचा वेग आणि खर्च या दोहोंचे गणित तिने बदलले. या मालिकेतील सज्जन कामगाराची भूमिका करणारे ली शुएजियान यांनी त्याच वर्षी 'जियाओ युलू' या चित्रपटात एका आदर्श पक्ष कार्यकर्त्याची भूमिका केली आणि १९९१ मध्ये 'सुवर्ण कोंबडा' हा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळवला. मालिकेतील कामाने त्यांची चित्रपटातील प्रतिष्ठा उणावली नाही. पुढे १९९८ मध्ये त्यांनी ४३ भागांच्या 'जलकाठ' मालिकेत सोंग जियांगची भूमिका केली आणि चेन काइगे यांच्या चित्रपटात छिनचा राजाही साकारला.

जियांग वेन यांचे उदाहरणही असेच आहे. त्यांचा 'रेड सॉरघम' १९८८ मध्ये बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वलाचा मानकरी ठरला होता. १९९३ मध्ये त्यांनी 'न्यूयॉर्कमधील बीजिंगवासी' या मालिकेत प्रमुख भूमिका केली. या मालिकेसाठी निर्मात्यांनी सुमारे १५ लाख डॉलरचे बँक-कर्ज काढले. सरकारी अनुदानाऐवजी कर्ज आणि जाहिरात यांवर मालिका उभी राहू शकते, हे सिद्ध झाल्यावर नटाला दिल्या जाणाऱ्या मोबदल्याचे स्वरूपही बदलले. लिऊ शियाओछिंग यांनी १९९५ मध्ये ३० भागांच्या 'वू झेतियान' मालिकेत सम्राज्ञीचे तारुण्यापासून वार्धक्यापर्यंतचे आयुष्य रंगवले. एवढा विस्तृत जीवनपट दोन तासांच्या चित्रपटात मावणे कठीण होते.

या बदलामागील कारण आर्थिक होते. १९९३ मध्ये चित्रपट वितरणाची मक्तेदारी मोडली, १९९४ च्या अखेरीपासून परदेशी चित्रपट उत्पन्नाच्या वाटणीवर आयात होऊ लागले आणि स्टुडिओंची आर्थिक घडी विसकटली. शतकाच्या अखेरीस देशात वर्षाला जेमतेम शंभराच्या आसपास चित्रपट निघत होते. पगार देणारी संस्थाच दुर्बळ झाल्यावर नटाला अडवून ठेवण्याचे बळ तिच्यात उरले नाही.

याच दशकात उलट प्रवाहही सुरू झाला. दशकारंभीच्या 'संपादकीय विभागाच्या कथा' या विनोदी मालिकेने गे यू यांना घरोघरी पोहोचवले. १९९४ मध्ये 'टू लिव्ह' चित्रपटासाठी त्यांना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. त्या मालिकेच्या लेखनात सहभागी असलेले फेंग शियाओगांग यांनी १९९७ च्या अखेरीस गे यू यांनाच घेऊन नववर्षाच्या हंगामासाठी विनोदी चित्रपट काढला आणि चिनी चित्रपट व्यवसायात एक नवा हंगाम रुजवला. संवादांची चटपटीत शैली आणि परिचित नट या दोन्ही गोष्टी चित्रपटाने येथे दूरचित्रवाणीकडून घेतल्या.

हाँगकाँगचा वेगळा मार्ग

मुख्य भूमीतील या घडामोडींशेजारी हाँगकाँगची परंपरा ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. तेथे सरकारी स्टुडिओ नव्हते. १९६७ मध्ये सुरू झालेल्या टीव्हीबी या खासगी वाहिनीचे प्रशिक्षण वर्ग हीच नटांची शाळा होती. चाऊ युन-फॅट, अँडी लाऊ आणि टोनी लिऊंग हे तिघेही तेथूनच आले. चाऊ युन-फॅट यांना १९८० च्या 'शांघाय किनारा' या मालिकेने नाव दिले, तर १९८६ च्या 'अ बेटर टुमॉरो' ने चित्रपटतारा बनवले. हाँगकाँगमध्ये दूरचित्रवाणी ही खरोखरच चित्रपटाकडे नेणारी शिडी होती. झांग यिमोऊ यांच्या २००२ च्या 'हीरो' मध्ये या दोन्ही परंपरा एकत्र आल्या. टीव्हीबीत घडलेले टोनी लिऊंग आणि १९८८ च्या 'अखेरचा सम्राट' मालिकेतून नावारूपास आलेले चेन दाओमिंग त्यात समोरासमोर उभे राहिले. छिनच्या राजाच्या भूमिकेसाठी आवश्यक असलेले राजेपण चेन दाओमिंग यांनी दूरचित्रवाणीवरील सम्राटांच्या भूमिकांतूनच कमावले होते.

मुख्य भूमीतही १९९८ च्या 'हुआनझू राजकन्या' या मालिकेने शिडीचा मार्ग खुला केला. त्यातील झाओ वेई आणि फान बिंगबिंग अल्पावधीत चित्रपटातील आघाडीच्या अभिनेत्री झाल्या. वांग बाओछियांग यांचा प्रवास मात्र उलट होता. २००३ च्या 'ब्लाइंड शाफ्ट' या वास्तववादी चित्रपटातून ते प्रथम दिसले. पण सर्वदूर प्रेम मिळाले ते २००६ च्या 'सैनिकांची चढाई' या मालिकेमुळे. त्या मालिकेच्या बळावर ते पुन्हा चित्रपटाकडे, या वेळी लोकप्रिय विनोदी चित्रपटांकडे वळले.

कारागिरीचा प्रश्न

माध्यम बदलल्याने अभिनयाची रीत बदलते. दूरचित्रवाणी मालिकांत नटाच्या संवादांना दुसऱ्याचा आवाज देण्याची प्रथा चीनमध्ये दीर्घकाळ रूढ आहे. ७६ भागांच्या 'झेन हुआन' या लोकप्रिय मालिकेत सुन ली यांच्या भूमिकेला ध्वनिकलाकार जी ग्वानलिन यांचा आवाज होता. याउलट, चित्रपटात नावाजलेल्या झोऊ शून यांनी २०१८ च्या ८७ भागांच्या 'रुयी' मालिकेत स्वतःचाच घोगरा आवाज ठेवला. कोवळ्या वयातील रुयीला तो शोभत नाही, अशी टीका काही प्रेक्षकांनी केली. चित्रपटात जे व्यक्तिमत्त्वाचे लक्षण मानले गेले तेच मालिकेत दोष ठरले. याच 'झेन हुआन' मधील सम्राट साकारणारे चेन जियानबिन यांनी २०१४ मध्ये स्वतः दिग्दर्शित केलेल्या चित्रपटातील गरीब मेंढपाळाच्या भूमिकेसाठी तैपेईचा 'सुवर्ण अश्व' पुरस्कार मिळवला. कारागिरी एका माध्यमातून दुसऱ्यात जशीच्या तशी नेता येत नाही, पण समर्थ नट तिचे रूपांतर करू शकतो, असे यावरून म्हणता येते.

व्हिडिओ-मंच आणि नियंत्रण

२०१० नंतर आयछीयी, योकू आणि टेन्सेंट यांचे व्हिडिओ-मंच हे मालिकांचे मोठे खरेदीदार झाले. नटाचे नाव पाहून मालिका विकत घेतली जाऊ लागली आणि मानधन बेसुमार वाढले. सप्टेंबर २०१७ मध्ये व्यावसायिक संघटनांनी नटवर्गाचे एकूण मानधन निर्मितीखर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्याचे ठरवले. ऑगस्ट २०१८ मध्ये तीन मंच आणि सहा निर्मिती संस्थांनी एका नटाला एका भागासाठी १० लाख आणि एका मालिकेसाठी ५ कोटी युआन ही कमाल मर्यादा जाहीर केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फान बिंगबिंग यांच्या करप्रकरणात कर व दंडापोटी ८८ कोटी युआनपेक्षा अधिक रक्कम आकारली गेली.

फेब्रुवारी २०२० मध्ये मालिका ४० भागांहून मोठी नसावी, शक्यतो ३० भागांच्या आत असावी, असे नियामक संस्थेने सुचवले. त्याच वर्षी महासाथीमुळे चित्रपटगृहे जानेवारीपासून जुलैपर्यंत बंद राहिली. या रिकाम्या काळात, जूनमध्ये, १२ भागांची 'दडलेला कोपरा' ही मालिका आली. तिच्यातील छिन हाओ हे लोऊ ये यांच्या कलात्मक चित्रपटांतून परिचित असलेले नट होत. छोट्या, घट्ट विणीच्या मालिकेत चित्रपटनटाला अनेक महिने अडकून पडावे लागत नाही. त्यामुळे ये-जा सुलभ झाली. २०२३ च्या जानेवारीत झांग यी 'क्वांगबियाओ' या ३९ भागांच्या मालिकेत पोलीस अधिकारी म्हणून दिसत असतानाच झांग यिमोऊ यांचा 'फुल रिव्हर रेड' प्रदर्शित झाला आणि त्यातही ते होते. त्याच वर्षाच्या अखेरीस वाँग कार-वाय यांच्यासारखा ख्यातनाम चित्रपट दिग्दर्शक ३० भागांची 'शांघायचा बहर' ही मालिका घेऊन आला.

या मोकळेपणाला दुसरी बाजू आहे. २०१८ मध्ये चित्रपटाचे प्रशासन पक्षाच्या प्रचार विभागाकडे गेले आणि दूरचित्रवाणी स्वतंत्र नियामक संस्थेकडे राहिली. कागदोपत्री दोन्ही माध्यमे पुन्हा वेगळी झाली. परंतु ऑगस्ट २०२१ मध्ये झाओ वेई यांचे नाव प्रमुख मंचांवरून पुसले गेले, तेव्हा मालिका आणि चित्रपट असा भेद केला गेला नाही. त्यामागील कारणही अधिकृतपणे जाहीर झाले नाही. दोन्ही माध्यमांतील आयुष्यभराचे काम एकाच वेळी नाहीसे होऊ शकते, हे या घटनेने दाखवून दिले.

निष्कर्ष

चिनी अभिनेत्यांच्या संक्रमणाचे तीन टप्पे स्पष्ट दिसतात. स्टुडिओच्या काळात नट सुरक्षित होता, पण हलू शकत नव्हता. बाजाराच्या काळात तो हलू लागला, पण त्याची सुरक्षितता गेली. व्हिडिओ-मंचांच्या काळात दोन माध्यमांमधील भिंत जवळजवळ नाहीशी झाली, मात्र दोन्हींकडे जाणारे दार एकाच ठिकाणाहून बंद करता येऊ लागले. पूर्वी एका माध्यमात काम थांबले तर दुसऱ्याचा आधार शोधता येत असे. माध्यमे एकरूप झाल्यावर हा आधार क्षीण झाला. म्हणून चित्रपट श्रेष्ठ की दूरचित्रवाणी, या प्रश्नापेक्षा अभिनेत्याच्या श्रमावर आणि त्याच्या चेहऱ्याच्या स्मृतीवर ताबा कोणाचा, हा प्रश्न या इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाचा मानावा लागेल.