लॅप टाइम : स्टॉपवॉचपासून फोनच्या पडद्यापर्यंत

१/१२
२५ ऑक्टोबर १९९७, स्पेनमधील हेरेथ. फॉर्म्युला वनच्या हंगामातील अखेरच्या शर्यतीची पात्रता फेरी. जाक व्हिलनव्ह, मायकल शूमाकर आणि हाइन्झ-हॅराल्ड फ्रेन्ट्झेन या तिघांचीही वेळ एकच निघाली : १ मिनिट २१.०७२ सेकंद. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजूनही निवाडा होईना. अखेर ज्याने ती वेळ आधी नोंदवली, तो पुढे, हा नियम लागला आणि पहिले स्थान व्हिलनव्हला मिळाले.

२/१२
आज सुटीच्या दिवशी ट्रॅकवर जाणारा हौशी चालकही गाडीला छोटा ॲक्शन कॅमेरा लावतो आणि संध्याकाळी फोनवर स्वतःची फेरी पाहतो. चित्रावर सेकंद धावत असतात, कोपऱ्यात वेग आणि ट्रॅकचा नकाशा दिसतो. घड्याळ आणि चित्र हे दोन साक्षीदार एकाच चौकटीत कसे आले, त्याची ही कथा.

३/१२
आधी घड्याळ एकटेच होते. १९६०च्या दशकात संघांचा भरवसा हाताने दाबायच्या स्टॉपवॉचवर असे. हे काम अनेकदा चालकांच्या पत्नी करीत. हेलन स्टुअर्ट आणि नीना रिंट यांची स्टॉपवॉच घेऊन पिटमध्ये बसलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. डोळ्याने गाडी टिपायची, अंगठ्याने कळ दाबायची, कागदावर आकडा लिहायचा, तोवर पुढची गाडी हजर.

४/१२
५ सप्टेंबर १९७१ रोजी इटलीतील मोन्झा येथे पीटर गेथिनने रॉनी पीटरसनला ०.०१ सेकंदाने हरवले. पहिले पाच चालक ०.६१ सेकंदात अंतिम रेषेपार गेले. माणसाचा अंगठा येथे थिटा पडतो, कारण पाहणे आणि कळ दाबणे यांतच सेकंदाचा काही दशांश निघून जातो.

५/१२
पण अचूक घड्याळही एक गोष्ट सांगत नाही : वेळ गेला कोठे? कोणत्या वळणावर ब्रेक लवकर लागला? त्यासाठी गाडीतूनच पाहायला हवे. १९७९ साली ऑस्ट्रेलियातील बाथर्स्टच्या शर्यतीत ‘रेसकॅम’ने धावत्या गाडीतले थेट दृश्य दूरचित्रवाणीवर दाखवले. गाडीतील संकेत हेलिकॉप्टरमार्फत पुढे पोहोचवला जाई.

६/१२
१९८५च्या जर्मन ग्रां प्रीमध्ये नुर्बुर्गरिंगवर फ्रांस्वा एनोच्या रेनॉ गाडीत असाच कॅमेरा बसवला गेला. गाडी काही फेऱ्यांतच बंद पडली, पण पायंडा पडला. चित्र मिळाले, तरी ते मोजमाप नव्हते. घड्याळ ट्रॅकच्या कडेला आणि कॅमेरा गाडीत, असे दोन साक्षीदार परस्परांना न भेटता साक्ष देत राहिले.

७/१२
त्यांची गाठ उपग्रहांनी घालून दिली. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली त्रुटी काढून टाकली. त्याआधी सुमारे १०० मीटरपर्यंतची चूक गृहीत धरावी लागे आणि तेवढ्यात एखादे संपूर्ण वळण हरवते. आता नकाशावर आरंभरेषा आखून गाडीने ती कधी ओलांडली, हे सामान्य माणसालाही काढता येऊ लागले.

८/१२
निक वुडमनच्या गोप्रोचा २००४ सालचा पहिला कॅमेरा ३५ मिमी फिल्मवर चालणारा होता. २०१६च्या ‘हीरो५ ब्लॅक’मध्ये जीपीएस आले आणि स्थान व वेग यांच्या नोंदी चित्रफितीच्या फाइलीतच साठू लागल्या. २०२३च्या ‘हीरो१२’मधून जीपीएस वगळले गेले, २०२४च्या ‘हीरो१३’मध्ये ते परतले. ज्या कॅमेऱ्यात ते नाही, तेथे चित्र कॅमेऱ्यात राहते आणि नोंदी फोनमध्ये.

९/१२
म्हणून चित्रण फोनवर आणणे हा या कथेतला खरा सांधा ठरतो. कॅमेरा स्वतःचे वाय-फाय उभे करतो, फोन त्याला जोडला जातो. पण दीर्घ चित्रण अनेक कॅमेऱ्यांत सुमारे ४ जीबीच्या तुकड्यांत साठत आले आहे. मुळाशी आहे फॅट३२ ही मेमरी कार्डांची जुनी रचना, जिच्यात याहून मोठी फाइल मावत नाही. गोप्रोच्या फाइलनावांत तर तुकड्याचा क्रमांक आधी येतो : जीएच०१००३४, मग जीएच०२००३४. नावानुसार रचल्यास दोन चित्रणांचे तुकडे एकमेकांत मिसळतात.

१०/१२
दुसरी अडचण घड्याळांची. कॅमेऱ्याचे घड्याळ आणि फोनचे घड्याळ क्वचितच तंतोतंत जुळते. मग एक खूण शोधावी लागते : गाडी आरंभरेषा ओलांडते ती नेमकी चौकट. चित्रातील तो क्षण आणि नोंदीतील तो क्षण एकावर एक ठेवले, की उरलेली फेरी आपोआप जुळते. एका खुणेवर चूक झाली, तर सारी फेरी तेवढीच सरकते.

११/१२
येथे हेरेथ आठवावे. ताशी १८० किमी वेगाने गाडी सेकंदाला ५० मीटर धावते. सेकंदाला १० नोंदी करणारे जीपीएस दर ५ मीटरला एकदाच तिला पाहते. सेकंदाला ३० चौकटींच्या चित्रात दोन चौकटींमध्ये गाडी सुमारे १.६७ मीटर पुढे जाते. मधला प्रवास सॉफ्टवेअर अंदाजाने भरून काढते. पडद्यावर हजारावा भाग दिसला, म्हणून तो मोजलेला असतोच असे नाही. स्वतःच्या दोन फेऱ्या ताडून पाहण्यास ही साक्ष उत्तम, पण दोघांत निवाडा करण्यास अपुरी.

१२/१२
इतिहासाच्या अभ्यासकाला हा भेद नवा नाही. राजवाडे बखरींपेक्षा अस्सल कागदपत्रांना अधिक मान देत, तो याच कारणाने. आकडे चढवलेली चित्रफीत ही बखर आहे, कॅमेऱ्यातील मूळ फाइल हे साधन आहे. संदेशाच्या ॲपवरून पाठवताना चित्रफीत पुन्हा आकसते आणि आतील जीपीएसच्या नोंदी बहुधा गळून पडतात. तेव्हा बखर मित्रांना खुशाल पाठवावी, पण कार्ड पुसण्यापूर्वी साधन जपून ठेवावे. उद्या कोणी त्या फेरीविषयी वेगळा प्रश्न विचारला, तर उत्तर त्यातूनच निघेल.