टाके कोणाचे?

मालेगाव म्हटलं की लोक नाशिककडे बघतात. आमचं वाशिम जिल्ह्यातलं. तिथे आजी उन्हाळ्यात जुनी लुगडी अंथरून गोधडी शिवायची. वऱ्हाडीत ‘वाकय’. घरात जे फाटेल तोच तिचा विषय.

विषय देऊन भरवलेली सर्वात गाजलेली गोधडी-स्पर्धा १९३३ची. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त सिअर्स कंपनीनं ‘प्रगतीचं शतक’ हा विषय दिला, जुन्या नमुन्यांनाही मुभा ठेवली. ऐन मंदीत बक्षिसाच्या आशेनं सुमारे २४,००० गोधड्या आल्या! पहिलं बक्षीस केंटकीच्या मार्गारेट केडन यांना मिळालं; गोधडी थेट एलिनॉर रूझवेल्ट यांच्याकडे गेली. केडनबाईंनी त्यात एकही टाका घातला नव्हता. शिवलं होतं मजुरीवरच्या बायकांनी. त्यांना बक्षिसातला वाटा नाही, आणि काम जाईल म्हणून त्या गप्प राहिल्या.

आमच्या धंद्यात कोडची ओळ कोणी लिहिली हे गिट लगेच सांगतं. आजीच्या गोधडीवर नाव नाही. एका कोपऱ्यातले टाके वाकडे आहेत. ते आत्याचे, असं आई म्हणते. आत्याला मान्य नाही.