यझ्दचे बादगीर

मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत ब्रून मस्का आणि पानी कम चाय देणाऱ्या कितीतरी घराण्यांचे मूळ इराणमधल्या यझ्द शहरात आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांत आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात हे जरथुष्ट्री लोक हिंदुस्थानात आले. मागे राहिली ती मातीची घरे आणि त्यांच्या गच्च्यांवरचे उंच मनोरे, म्हणजे बादगीर.

यझ्दला वर्षाकाठी पाऊस पडतो जेमतेम ६० मिलिमीटर. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, हिवाळ्यातल्या रात्री गोठवणाऱ्या. अशा गावात बादगीर म्हणजे वारा धरणारा. मनोऱ्याच्या डोक्याला उभ्या फटी असतात, पोटात विटांचे पडदे घालून वेगवेगळे बोगदे केलेले असतात. वाऱ्याच्या बाजूच्या बोगद्यातून हवा खाली येते आणि पाठीमागच्या बोगद्यातून घरातली हवा बाहेर ओढली जाते. इथवरचे कोणालाही पटते.

पण वारा पडला की काय? बादगीराची खरी करामत तिथे आहे, आणि पर्यटकांना ती सहसा सांगितली जात नाही. शिराझच्या पहलवी विद्यापीठातले अभियंते मेहदी बहादोरी यांनी १९७८ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये तिचा उलगडा केला. मनोऱ्याच्या जाड भिंती दिवसभर ऊन पितात. रात्री त्यांना टेकलेली हवा तापते, हलकी होते, वर निघून जाते आणि तिच्यामागे घरातली कोंडलेली उष्ण हवा खेचली जाते; दारांतून अंगणातली गार हवा आत शिरते. पहाटेपर्यंत भिंती निवतात. मग सकाळी बाहेरची तापू लागलेली हवा याच भिंतींना लागून थंड होते, जड होते आणि खाली उतरते. म्हणजे एकच मनोरा रात्री धुराड्याचे काम करतो आणि सकाळी त्याच्या उलट. आज ज्याला सौर चिमणी म्हणतात, तिचे तत्त्व यझ्दच्या गवंड्यांनी मातीत बांधून ठेवले होते.

खाली उतरणारी हवा बऱ्याचदा हौदावरून नेत. कुठे ती कनातीच्या, म्हणजे डोंगरपायथ्याकडून जमिनीखालून पाणी आणणाऱ्या बोगद्याच्या, गारव्याशी जोडलेली असे. कोरड्या हवेत पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, त्यामुळे तळघरात बसणाऱ्याला खरा गारवा मिळे. दौलताबाद बागेतला अठराव्या शतकातला अष्टकोनी बादगीर तब्बल ३३ मीटर उंच आहे. पिण्याचे पाणी साठवायच्या टाक्यांवरही बादगीर असत. यझ्दमधल्या एका टाकीवर तर सहा आहेत.

हिवाळ्यासाठी वेगळी युक्ती होती, आणि ती मनोऱ्यात नव्हती. अंगणाभोवतीच्या घराची एक बाजू दक्षिणेचे ऊन घेई, दुसरी ऊन पाठीवर घेऊन सावलीत राही. थंडीत सगळे कुटुंब उन्हाच्या खोल्यांत, उन्हाळ्यात सावलीच्या. बादगीरही या सावलीच्या अंगाला. घरातल्या घरात ऋतूप्रमाणे बिऱ्हाड हलवायचे! आपल्या फ्लॅटमध्ये तेवढी जागा नाही, हे मान्यच.

जागा बदलली की मनोराही बदले. यझ्दला तो चारही बाजूंनी उघडा, तर जवळच्या अर्दकानला वाळवंटाकडून धूळ येते म्हणून बव्हंशी एकतोंडी. इराणच्या बस्तकहून दुबईला गेलेल्या व्यापाऱ्यांनी तिथे असेच मनोरे उभारले. सिंधमधल्या हैदराबादेत, म्हणजे १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात असलेल्या शहरात, घराघरावरची वारा पकडणारी तोंडे नैऋत्येकडे, समुद्राकडून येणाऱ्या झुळकीकडे वळलेली असत. १९६४ साली बर्नार्ड रुडॉफ्स्की यांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात भरवलेल्या वास्तुप्रदर्शनामुळे या तोंडांची छायाचित्रे जगभर पोचली.

बादगीराचे दोषही बहादोरींनी लपवले नाहीत. त्यातून धूळ येते, किडे येतात, पाखरे शिरतात, आणि वारा नसताना जोर कमी पडतो. म्हणूनच विजेचा पंखा आणि पाण्याचा कूलर आल्यावर नवीन घरांतून तो भराभर गेला. २०१७ साली यझ्दचे जुने शहर जागतिक वारशाच्या यादीत आले आणि मनोऱ्यांची डागडुजी वाढली. आता आखाती हॉटेलांच्या डोक्यावर तो शोभेपुरता चढवतात; खाली हौद नाही, जाड भिंती नाहीत, आतले बोगदेही नाहीत. असा मनोरा नुसता नक्षीचा खांब आहे. खरा बादगीर बांधला तरी मुंबईच्या दमट हवेत त्यातला हौदाचा भाग निरुपयोगी ठरेल. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र तो चालू शकेल. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर तिथे अजूनही घरोघर लागतो, आणि तोही वाफेच्याच नियमावर चालतो.