सरकारी पैशांतून संशोधन, मग ते वाचायला पुन्हा पैसे का?
संशोधक जर्नलसाठी लेख लिहितात, इतर तज्ज्ञ तो तपासतात. दोघांनाही प्रकाशक सहसा मानधन देत नाहीत. तरीही तो वाचण्यासाठी ग्रंथालयं मोठी वर्गणी भरतात.

यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था.

मग अडचण काय? पहिल्या टप्प्यात खासगी कॉलेजचे विद्यार्थी किंवा गावात दवाखाना चालवणारे डॉक्टर यात येत नाहीत. शिवाय वर्गणी थांबली की वाचनही अडतं.

दुसरा मार्ग 'ओपन ॲक्सेस'. इथे वाचन सगळ्यांना मोफत, पण अनेक जर्नल्स खर्च लेखकाकडून घेतात. 'नेचर'ने २०२१ मध्ये हे शुल्क ९,५०० युरो ठेवलं होतं. 'डायमंड' प्रकारची जर्नल्स मात्र लेखक आणि वाचक दोघांकडूनही पैसे घेत नाहीत. त्यांचा खर्च विद्यापीठं, संस्था किंवा सरकार उचलतं. हा निधी टिकवणं हेच त्यांच्यापुढचं खरं आव्हान आहे.

तोवर एखाद्या लेखासाठी पैसे मागितले, तर त्याचं शीर्षक गूगल स्कॉलरवर शोधा. लेखकाने ठेवलेली मोफत प्रत अनेकदा तिथे सापडते.