कौमार्यपरीक्षा

स्त्रीला पूर्वी शरीरसंबंध घडला आहे किंवा नाही, हे तिच्या जननेंद्रियाच्या तपासणीवरून अथवा प्रथम संभोगातील रक्तस्रावावरून ठरविण्याची प्रथा. योनिद्वार एका अखंड पडद्याने बंद असते व प्रथम समागमात तो फाटून रक्त येते, या समजुतीवर ती आधारलेली आहे. शरीररचनेच्या दृष्टीने ही समजूत चुकीची आहे. योनिपटल ही योनिद्वाराच्या कडेची पातळ घडी असून तिला सामान्यतः जन्मतःच छिद्र असते; म्हणूनच ऋतुस्राव बाहेर पडू शकतो. तिचा आकार व जाडी व्यक्तिपरत्वे भिन्न असतात आणि वयात येताना ती अधिक लवचिक होते. त्यामुळे अनेक स्त्रियांना प्रथम संभोगात रक्तस्राव होत नाही. वेदना झाल्यास त्या बहुधा भीतीने स्नायू आखडल्यामुळे, ओलाव्याच्या अभावी किंवा घाईमुळे होतात. योनिपटलाच्या स्थितीवरून पूर्वीच्या संबंधांविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

ही प्रथा प्राचीन आहे. बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथात वधूच्या आईबापांनी पुराव्यादाखल वस्त्र वडीलमंडळींपुढे मांडावे, असा नियम असून आरोप खरा ठरल्यास वधूला दगडमाराची शिक्षा सांगितली आहे. योनिमार्ग पडद्याने बंद असतो, हे मत ग्रीक वैद्य सोरेनस याने इ. स. दुसऱ्या शतकाच्या सुमारासच नाकारले होते; तथापि रूढीवर त्याचा परिणाम झाला नाही.

आधुनिक काळात शासनसंस्थांनीही तिचा अवलंब केला. १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर विवाहासाठी आलेल्या एका भारतीय स्त्रीची अशी तपासणी झाल्याचे उघडकीस आले. तीव्र निषेधानंतर ती पद्धत बंद करण्यात आली. भारतात बलात्कारपीडितेची ‘दोन बोटांची चाचणी’ न्यायवैद्यकात दीर्घकाळ रूढ होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती पीडितेच्या खासगीपणाचा व प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरविली आणि २०२२ मध्ये ती करणारा गैरवर्तनाबद्दल दोषी धरला जाईल, असे बजावले. जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांच्या अन्य संस्थांनी २०१८ मध्ये या परीक्षेस वैद्यकीय आधार नसल्याचे सांगून ती थांबविण्याचे आवाहन केले.

महाराष्ट्रात कंजारभाट समाजात विवाहाच्या रात्री वधूवरांना पांढरी चादर देऊन नंतर जातपंचायतीपुढे वराकडून निर्वाळा घेण्याची चाल होती. निर्वाळा प्रतिकूल असल्यास वधूला मानहानी व मारहाण सोसावी लागे. वराच्या पूर्वायुष्याची मात्र विचारणा होत नसे. २०१७–१८ मध्ये याच समाजातील तरुण-तरुणींनी पुणे परिसरातून तिच्याविरुद्ध चळवळ उभारली व त्यासाठी रोषही पत्करला. २०१९ मध्ये राज्य शासनाने अशी सक्ती लैंगिक अत्याचाराचा प्रकार मानून दंडनीय ठरविण्याचा निर्णय जाहीर केला. ज्या चिन्हावरून काहीच सिद्ध होत नाही, त्यावरून स्त्रीच्या चारित्र्याचा निवाडा करणे, हाच या प्रथेतील मूळ अन्याय होय.